ठणका आणि ठपका

माद्रिदजवळच्या एल एस्कोरिआल मठात पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स याचं शव शतकानुशतकं जतन होऊन राहिलं आहे. त्याच्या एका बोटाचं शेवटचं पेर मात्र शवापासून वेगळं, एका छोट्या मखमली डबीत ठेवलेलं होतं. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी ते तपासायला घेतलं. साडेचारशे वर्षांत वाळून गेलेलं मांस द्रावणात भिजवून मऊ केलं, त्याचे पातळ छेद घेतले, हाडाची क्ष-किरण चित्रं काढली. पेराचा सांधा पोखरला गेला होता आणि त्या पोकळीत यूरेटच्या, म्हणजे यूरिक ॲसिडच्या क्षाराच्या, टोकदार स्फटिकांचे थर साचले होते. २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा निष्कर्ष छापून आला. सम्राटाला गाऊट हा सांध्यांचा आजार होता, आणि तोही फार तीव्र.

चार्ल्सला पहिला झटका आला तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. पुढे हा आजार त्याच्या प्रत्येक मोहिमेत सोबत चालला. १५५२ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातलं मेत्झ शहर परत घ्यायला तो निघाला, पण दुखण्याने वाटेतच अडकला आणि वेढ्याच्या जागी उशिरा पोचला. तोवर कडाक्याची थंडी पडली होती. आजारांनी फौज गळाली आणि १५५३ च्या जानेवारीत वेढा उठवावा लागला. ऑक्टोबर १५५५ मध्ये ब्रुसेल्सच्या दरबारात त्याने राज्यत्यागाला सुरुवात केली, तेव्हा तो ऑरेंजच्या तरुण विल्यमच्या खांद्याचा आधार घेऊन उभा होता. त्यानंतर युस्तेच्या मठापर्यंतचा डोंगराळ प्रवास त्याला पालखीत बसून करावा लागला. १५५८ मध्ये तो तिथेच वारला.

चार्ल्स भरपूर मांस खायचा, मासे आवडीने मागवायचा, सकाळपासून बिअर प्यायचा. त्याचे वैद्य काकुळतीला येऊन पथ्य सांगत आणि तो ते ऐकत नसे. म्हणून इतिहासकारांनी निकाल देऊन टाकला की सम्राटाला त्याची जीभ भोवली. पण त्या काळच्या युरोपातल्या दरबारांत तसंच खाणारे-पिणारे शेकडो होते, आणि त्या सगळ्यांचे सांधे काही झिजले नाहीत. हा साधा प्रश्न फार काळ कोणी नीट विचारला नाही. गाऊटचा दोन-अडीच हजार वर्षांचा इतिहास पाहिला, तर ठणका रुग्णाच्या वाट्याला आला आणि ठपकाही त्याच्याच माथी बसला, असं दिसतं. ठणक्याचं खरं कारण रसायनशास्त्राने हळूहळू उलगडलं. ठपका अजून पुरता पुसला गेलेला नाही.

सुरुवात झाली होती अगदी नेमक्या निरीक्षणांनी. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस याच्या नावावर असलेल्या सूत्रांत पायाच्या अंगठ्याला गाठणाऱ्या या आजाराबद्दल तीन गोष्टी नोंदवल्या आहेत. खच्ची केलेल्या पुरुषांना तो होत नाही, तरुणाला स्त्रीसंग घडेपर्यंत होत नाही आणि स्त्रियांना पाळी थांबेपर्यंत होत नाही. यातलं तिसरं निरीक्षण आजही वैद्यकाच्या वर्गात शिकवलं जातं. स्त्रियांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन मूत्रपिंडांना यूरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. पाळी थांबली की ही मदत कमी होते आणि साठीनंतर बायकाही या दुखण्याच्या तावडीत सापडू लागतात. ज्यांना यूरिक ॲसिड हा पदार्थच ठाऊक नव्हता, त्या लोकांनी निव्वळ रुग्ण पाहून हे ओळखलं होतं.

रोमन काळात मात्र निरीक्षणाच्या जागी उपदेश आला. तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या एका पत्रात तक्रार केली आहे की, रोमच्या स्त्रियाही आता पुरुषांसारख्या जागरणं आणि मद्यपान करू लागल्या, म्हणून त्यांनाही पुरुषांचे हे रोग जडू लागले. आजार म्हणजे वर्तनाची शिक्षा हा सूर तिथून जो लागला, तो पुढे कधी सुटलाच नाही.

भारतातही विचार फार वेगळ्या दिशेने गेला नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात एकोणतिसावा अध्याय वातरक्तावर आहे. खारट-आंबट-तिखट पदार्थ, उडीद आणि कुळीथ, मासे, दही, मद्य, दिवसा झोपणं आणि रात्री जागणं अशी कारणांची लांब यादी तिथे येते. नाजूक प्रकृतीच्या, गोडधोड खाणाऱ्या आणि पायी न चालणाऱ्या माणसाला हा रोग गाठतो, असं चरक सांगतो आणि त्याच्या पर्यायी नावांमध्ये आढ्यवात, म्हणजे धनिकांचा वात, हेही नाव देतो. हात-पायांच्या सांध्यांपासून सुरुवात, आधी त्वचा-मांसात आणि मग खोलवर असे दोन टप्पे, गुळवेलीसारख्या औषधींचा उपयोग हे वर्णन आजच्या वाचकालाही ओळखीचं वाटेल. वातरक्त म्हणजे तंतोतंत गाऊट असं मात्र म्हणता येणार नाही. त्या वर्णनात त्वचेचे आणि रक्तवाहिन्यांचे इतरही विकार सामावलेले दिसतात. तरीही रोम आणि भारत या दोन्ही ठिकाणच्या जाणत्यांना या रोगामागे सुखवस्तू माणूस दिसला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वैद्याला बोलावण्याची ऐपत ज्यांची होती त्यांचीच दुखणी ग्रंथात नोंदली गेली, हेही त्यामागचं एक कारण असणार.

या आजाराचं सर्वांत सच्चं वर्णन लिहिलं ते एका रुग्णानेच. लंडनचा वैद्य टॉमस सिडनम तीस वर्षांहून अधिक काळ गाऊटने हैराण होता. १६८३ मध्ये त्याने त्यावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. धडधाकट माणूस रात्री झोपतो. दोनच्या सुमाराला अंगठ्यातल्या कळेने त्याला जाग येते. थंडी भरते, अंग तापतं, कळ वाढत जाते. काही वेळाने अंगावरच्या पांघरुणाचं वजन सहन होत नाही आणि खोलीत कोणी जोराने चाललं तरी जीव कासावीस होतो. पाय कुठेही ठेवला तरी चैन पडत नाही म्हणून माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. पहाटे जरा घाम येतो, ठणका उतरतो, आणि डोळा लागून उठल्यावर पाहावं तर अंगठा लालबुंद सुजलेला. आज कोणत्याही दवाखान्यात गाऊटचा रुग्ण हीच हकीकत सांगतो. सिडनमनेही शेवटी समाधान शोधलं ते जुन्याच ठिकाणी. हा रोग गरिबांपेक्षा श्रीमंतांना आणि मूर्खांपेक्षा शहाण्यांना अधिक होतो, असं त्याने लिहून ठेवलं. इतकं यातनामय आयुष्य काढणाऱ्या माणसाने त्यात थोडा मान शोधला, तर त्याला दोष देववत नाही.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडने मात्र हा मान फारच मनावर घेतला. गाऊट होणं ही खानदानाची खूण ठरली. लेखक आणि खासदार होरेस वॉलपोल याच्यासारख्या माणसांचा असा विश्वास होता की, गाऊट अंगात असला की त्याहून वाईट रोग जवळ फिरकत नाहीत. काही वैद्य तर तो बरा करणं धोक्याचं मानत. पायातला रोग हाकलला तर तो पोटात किंवा मेंदूत शिरेल अशी त्यांना भीती वाटे. बाथ शहरातल्या गरम झऱ्यांकाठी फ्लॅनेलमध्ये पाय गुंडाळलेल्या उमरावांची रीघ लागे. घरोघरी दुखरा पाय टेकवण्यासाठी खास चौरंग बनवले जात. व्यंग्यचित्रकार जेम्स गिलरे याने १७९९ मध्ये एका सुजलेल्या पावलात नखं आणि सुळे रुतवून बसलेला काळा राक्षस काढला. ठणका कसा असतो हे त्या चित्राइतकं स्पष्ट फार थोड्या वैद्यकीय पुस्तकांनी सांगितलं असेल.

१७७१ मध्ये विल्यम कॅडोगन या डॉक्टरने उलटी बाजू मांडली. हा रोग वंशातून येत नाही आणि मानाचाही नाही, आळस, अतिरेकी खाणं-पिणं आणि मनस्ताप या तीन गोष्टींतून तो उपजतो, असं त्याने ठणकावून सांगितलं. पुस्तकाच्या पाठोपाठ आवृत्त्या निघाल्या. त्याच्या सल्ल्यात शहाणपण नव्हतं असं नाही, पण सगळा भार पुन्हा रुग्णावर आला. १७८० च्या ऑक्टोबरात पॅरिसजवळ पासी इथे आजारी पडलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने आपला आणि गाऊटचा एक काल्पनिक संवाद लिहिला. त्यात गाऊटबाई त्याला खाण्यापिण्यावरून आणि बैठ्या खेळांवरून फैलावर घेते. इतक्या हुशार माणसानेही फिर्यादीची बाजू आपण होऊन मान्य केली होती.

खरी फिर्याद वेगळ्याच वस्तूवर व्हायला हवी होती. १७०३ मध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथ्युएन तह झाला. फ्रेंच वाइनवर जबर जकात आणि पोर्तुगीज वाइनला सवलत अशी व्यवस्था झाल्यावर इंग्लंडमध्ये पोर्टचा महापूर आला. पोर्टमध्ये ब्रँडी मिसळत, आणि त्या काळच्या भट्ट्यांत आणि भांड्यांत शिशाचा सढळ वापर होता. जुन्या बाटल्यांतली पोर्ट विसाव्या शतकात तपासली तेव्हा तिच्यात शिशाचं प्रमाण बरंच जास्त निघालं. शिसं मूत्रपिंडांना हळूहळू इजा करतं आणि यूरिक ॲसिड बाहेर टाकण्याची त्यांची शक्ती कमी करतं. डेव्हन परगण्यात सफरचंदाची सायडर पिणाऱ्या गोरगरिबांना पोटशुळाचे झटके येत. एक्सेटरच्या विल्यम मस्ग्रेव्ह या वैद्याने १७०३ मध्येच नोंदवलं होतं की, या शुळानंतर अनेकांना गाऊट होतो. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर याने शुळाचं मूळ शोधून काढलं. सफरचंदं पिळण्याच्या चरकांत शिसं वापरलेलं होतं.

फ्रँकलिनला शिशाचे दुष्परिणाम चांगले ठाऊक होते. शिशाच्या भट्टीतून काढलेल्या रममुळे पोटशूळ होतो म्हणून मॅसॅच्युसेट्सने १७२३ मध्ये कायदा करून तशा भट्ट्या बंद केल्या होत्या. १७८६ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात फ्रँकलिनने छापखान्यातल्या कामगारांपासून रंगाऱ्यांपर्यंत शिशाने गाठलेल्या लोकांची हकीकत सविस्तर सांगितली. त्या पत्राच्या वेळी त्याचं स्वतःचं दुखणं सुरूच होतं. शिसं आणि गाऊट या दोन गोष्टी त्याच्या डोळ्यांसमोर होत्या, पण त्यांची सांगड घालायला आणखी सत्तर वर्षं जावी लागली.

दरम्यान उपचाराच्या बाजूला एक जुनं मूळ परत आलं होतं. सहाव्या शतकात बायझंटाइन वैद्य त्रालेसचा अलेक्झांडर सांधेदुखीवर हर्मोडॅक्टिल नावाचा कंद देत असे. तो कोल्चिकम वर्गातला होता असं मानलं जातं. त्याने जुलाब होत, म्हणून पुढे तो मागे पडला. १७६३ मध्ये व्हिएन्नाच्या आंटोन फॉन श्टोर्क याने कोल्चिकम दुसऱ्याच आजारासाठी वापरायला काढलं. मग निकोला युसाँ नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने ‘ओ मेदिसिनाल’ हे गुप्त औषध बाजारात आणलं. त्यात काय आहे हे तो सांगत नसे, पण गाऊट त्याने उतरतो अशी ख्याती पसरली. निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याच्यासारखे नामवंतही ते घेऊ लागले. १८१४ मध्ये जॉन वाँट या इंग्रज शल्यवैद्याने त्यातला मुख्य घटक कोल्चिकम असल्याचं जाहीर केलं. १८२० मध्ये पेलेतिए आणि कावाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या वनस्पतीतलं क्षारद्रव्य वेगळं केलं. कोल्चिसिनची गोळी आजही झटक्याच्या पहिल्या दिवशी दिली जाते. ती यूरिक ॲसिड तिळभरही कमी करत नाही. पांढऱ्या पेशींना सुजलेल्या सांध्याकडे धाव घेण्यापासून ती अडवते, म्हणून ठणका उतरतो.

हेच द्रव्य महाराष्ट्राच्या मातीतही उगवतं. गौरी-गणपतीच्या दिवसांत कुंपणांवर आणि झुडपांवर लाल-पिवळ्या ज्वाळांच्या रंगाची फुलं घेऊन चढणारी कळलावी ही कोल्चिसिनची मोठी खाण आहे. तमिळनाडूत तिची शेती होते आणि तिचं बी औषध कंपन्यांकडे जातं. युनानी हकीम सुरंजान नावाने जो कंद सांधेदुखीला देतात तोही काश्मीरकडच्या कोल्चिकमचाच. कळलावीचा कंद मात्र जहाल विष आहे, आणि औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर थोडं असतं. तो घरी उगाळून घ्यायची वस्तू नव्हे, एवढं या ठिकाणी सांगितलंच पाहिजे.

कारणाचा शोध सूक्ष्मदर्शकापासून सुरू झाला. १६७९ मध्ये डच कापडव्यापारी आंटोनी फान लेवनहुक याने गाऊटच्या गाठीतून निघालेला खडूसारखा पांढरा लगदा आपल्या भिंगाखाली धरला. खडू असता तर दाणे दिसले असते. त्याला दिसल्या दोन्ही टोकांना निमुळत्या झालेल्या बारीक काड्या. त्या कशाच्या हे सांगण्याइतकं रसायनशास्त्र तेव्हा जन्माला आलं नव्हतं. १७७६ मध्ये स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शेले याला मुतखड्यात एक नवं आम्ल सापडलं. १७९७ मध्ये विल्यम वोलस्टन याने गाऊटच्या गाठीतही त्याच आम्लाचा क्षार आहे हे दाखवलं. तेच हे यूरिक ॲसिड.

पण ते रक्तातून येतं की सांध्यातच तयार होतं? या प्रश्नाचा निकाल लावला आल्फ्रेड बेरिंग गॅरॉड याने, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये. १८४८ मध्ये त्याने गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक ॲसिड वाढलेलं असतं हे सिद्ध केलं, पण त्याची पद्धत किचकट होती. १८५४ मध्ये त्याने इतकी सोपी चाचणी शोधली की कोणत्याही दवाखान्यात ती करता यावी. रुग्णाच्या रक्तातला पातळ भाग पसरट काचेच्या बशीत घ्यायचा, त्यात थोडं ॲसेटिक आम्ल घालायचं, लिननचा एक धागा बुडवून ठेवायचा आणि दोन दिवस बशीला हात लावायचा नाही. गाऊट असेल तर खडीसाखरेच्या दोऱ्यावर खडे जमतात तसे त्या धाग्यावर यूरिक ॲसिडचे स्फटिक जमत. निरोगी माणसाच्या रक्तातला धागा कोरा राही. शरीरातल्या एखाद्या रासायनिक पदार्थाची वाढ मोजून रोग ओळखण्याच्या अगदी आरंभीच्या चाचण्यांत हिची गणना होते. आज पॅथॉलॉजी लॅबमध्ये सीरम यूरिक ॲसिडचा रिपोर्ट मिळतो, त्याची ही पणजी.

गॅरॉड तेवढ्यावर थांबला नाही. १८५९ च्या ग्रंथात त्याने मांडलं की सांध्यात साचलेला यूरेट हा सुजेचा परिणाम नसून तिचं कारण आहे, आणि तो साचतो कारण मूत्रपिंडं तो पुरेसा बाहेर टाकत नाहीत. शिशाचा धागाही त्यानेच पकडला. त्याच्याकडे येणाऱ्या गाऊटच्या रुग्णांत नळकाम करणारे आणि रंगारी मोठ्या संख्येने होते. दर चार जणांत किमान एकाला कधी ना कधी शिशाची बाधा झालेली होती. ही इस्पितळात येणारी कष्टकरी माणसं होती. त्यांच्या घरी पोर्टच्या बाटल्या उघडत नव्हत्या. उमरावांच्या आजाराची कथा त्याच वेळी संपायला हवी होती.

ती संपली नाही, उलट भलतीकडे वळली. १८९२ मध्ये अलेक्झांडर हेग या लंडनच्या डॉक्टरने यूरिक ॲसिडवर जाडजूड पुस्तक काढलं आणि डोकेदुखीपासून उदासीनतेपर्यंत असंख्य तक्रारींचं खापर या एका पदार्थावर फोडलं. त्याच्या पथ्यात मांसाबरोबर चहा, कॉफी आणि डाळीही वर्ज्य होत्या. हा अतिरेक इतका झाला की गंभीर संशोधकांनी यूरिक ॲसिडचा विषयच सोडून दिला. त्यांच्याजवळ सबळ कारणंही होती. रक्तात यूरिक ॲसिड जास्त असलेल्या कितीतरी माणसांना गाऊट होत नव्हता, आणि विरघळलेलं यूरिक ॲसिड टोचलं तरी झटका येत नव्हता.

उत्तर छापील होतं, पण कोणी वाचत नव्हतं. माक्स फ्रॉयडवायलर या तरुण डॉक्टरने १८९९ मध्ये विरघळलेलं द्रव्य बाजूला ठेवून यूरेटचे स्फटिकच प्राण्यांच्या सांध्यांत टोचले होते आणि सूज आलेली पाहिली होती. त्याचा जर्मन लेख साठ वर्षं धूळ खात पडला. १९६१ मध्ये अमेरिकेत डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी रुग्णांच्या सुजलेल्या सांध्यातलं पाणी सुईने काढून ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यात यूरेटचे स्फटिक चमकत होते, काही तर पांढऱ्या पेशींच्या पोटात गेलेले होते. आता एकच शंका उरली होती. स्फटिकामुळे सूज येते, की सुजेमुळे स्फटिक बनतो? पुढच्या वर्षी मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी जेम्स फेअर्स यांनी यूरेटचे स्फटिक स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांतच दोघांचे गुडघे सुजले आणि असह्य ठणका लागला. सिडनमच्या रात्रीचं कारण त्या दोन गुडघ्यांत सिद्ध झालं. हा आजार समजून घेण्याच्या सगळ्या इतिहासात एवढं निःशंक उत्तर दुसरं कुठलंच नाही.

२००६ मध्ये लोझानच्या युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेने पुढची कडी जोडली. पांढरी पेशी स्फटिक गिळते तेव्हा तिच्यातली एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा जागी होते, इंटरल्यूकिन-१ हे प्रथिन बाहेर पडतं आणि आणखी पेशी धावून येतात. जंतू एकही नसतो, पण शरीर जंतूंशी लढावं तसं लढत राहतं.

यूरिक ॲसिड येतं कुठून? प्रत्येक पेशीच्या डीएनएमध्ये प्युरिन असतात. जुन्या पेशी मोडतात, प्युरिनचं विघटन होतं आणि शेवटी यूरिक ॲसिड उरतं. साधारण दोन तृतीयांश यूरिक ॲसिड असं शरीरातच तयार होतं, उरलेलं अन्नातून येतं. बाहेर टाकण्याचं मुख्य काम मूत्रपिंडांचं, थोडं आतड्यांचं. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिकेज नावाचं विकर हे आम्ल आणखी मोडून सहज विरघळणारं करतं. माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन यांच्यातलं हे जनुक सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी निकामी झालं. म्हणून इतर प्राण्यांच्या कितीतरी पट यूरिक ॲसिड माणसाच्या रक्तात कायम असतं. शरीराच्या तापमानाला एका डेसिलिटरमध्ये ते ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळतं, त्यापुढे स्फटिक बनण्याची सोय होते. पायाचा अंगठा शरीराच्या इतर भागांपेक्षा थंड, आणि चालताना त्याला सतत मार बसतो. स्फटिक तिथे आधी बसतात.

या प्राचीन वारशात माणसामाणसांत फरक पडतो तो वाहतुकीच्या जनुकांमुळे. २००८-०९ च्या सुमारास एसएलसी२ए९ आणि एबीसीजी२ ही दोन जनुकं पुढे आली. मूत्रपिंडात आणि आतड्यात यूरेटची ने-आण करणाऱ्या प्रथिनांच्या त्या कृती आहेत. गाऊटच्या बहुसंख्य रुग्णांत यूरिक ॲसिड फार तयार होतं असं नसतं, ते बाहेर कमी पडतं. न्यूझीलंडमधले माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेले लोक यांच्यात गाऊटचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे. पासष्टीपुढच्या त्यांच्या पुरुषांत सुमारे एक तृतीयांश जणांना तो असतो. तिथल्या गरीब वस्त्यांत कामाचे दिवस बुडवणारा हा रोग आहे. त्याच्यावर धनिकांचा शिक्का मारणाऱ्यांनी तिथे एकदा जाऊन यावं.

औषधाची कथा दुसऱ्या वाटेने आली. न्यूयॉर्कच्या गर्ट्रूड एलियन यांचे आजोबा कर्करोगाने गेले तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांनी रसायनशास्त्र निवडलं, पण बाई म्हणून प्रयोगशाळांची दारं बंद होती. १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली काम मिळालं. पीएच.डी. त्यांनी कधीच पूर्ण केली नाही. रक्ताच्या कर्करोगावरचं एक औषध शरीरात लवकर मोडू नये म्हणून त्यांच्या गटाने ॲलोप्युरिनॉल वापरून पाहिलं. ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांना आढळलं की रुग्णांचं यूरिक ॲसिडही घसरतं आहे. ज्या विकरामुळे यूरिक ॲसिड बनतं त्यालाच हे औषध अडवत होतं. १९६६ मध्ये अमेरिकेत गाऊटसाठी त्याला मान्यता मिळाली, १९८८ मध्ये एलियन आणि हिचिंग्ज यांना नोबेल. भारतात झायलोरिक या नावाने ती गोळी घराघरांत ठाऊक आहे आणि ती महाग नाही.

तरीही महाराष्ट्रात ‘यूरिक ॲसिड वाढलंय’ म्हटलं की पहिली कुऱ्हाड पडते ती ताटावर. तूरडाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद, शेंगा बंद. गरिबाच्या ताटातलं प्रथिन निघून जातं आणि अंगठा सुजायचा तो सुजतोच. हार्वर्डच्या हायन चोई आणि सहकाऱ्यांनी ४७,१५० पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवून २००४ मध्ये निष्कर्ष मांडला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला, दूध-दह्याने धोका कमी झाला, आणि प्युरिन असलेल्या भाज्या-डाळींचा गाऊटशी संबंध दिसला नाही. बिअरचा धोका मोठा निघाला, आणि नंतरच्या अभ्यासात साखरेच्या शीतपेयांचाही. म्हणजे खाण्याचा वाटा आहेच, पण तो जिथे आहे तिथे बोट ठेवायला हवं.

ठपका पुसला तर काय होतं, याची मोजणी ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमला झाली. मायकल डोहर्टी यांच्या गटाने ५१७ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाचे उपचार नेहमीच्या डॉक्टरांकडे चालू राहिले. दुसऱ्या गटाला प्रशिक्षित नर्स भेटल्या. त्यांनी प्रत्येक रुग्णाला बसवून सांगितलं की स्फटिक कसे बनतात, मूत्रपिंडं आणि जनुकं यांचा यात काय भाग आहे, ॲलोप्युरिनॉलसारखी गोळी झटका नसतानाही का घ्यायची, सुरुवातीला झटके का वाढू शकतात. मात्रा कमीपासून सुरू करून, रक्त तपासत, यूरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंत वाढवली गेली. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला. दोन वर्षांनंतर नेहमीच्या उपचारांत ३० टक्के रुग्णांनी ती पातळी गाठली होती, नर्सकडे गेलेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी. त्यांचे झटके घटले आणि सांध्यांवरच्या गाठी विरघळू लागल्या. गोळी दोन्ही गटांना उपलब्ध होती, आणि ती तेव्हा पन्नास वर्षांहून जुनी झाली होती.